‘ज्योतिष’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढल्यावर रक्तस्रावाचा धोका कोणाला जास्त, या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. वय, गाठीचा आकार वगैरेंवरून धोक्याचे गुण मोजून ‘जास्त धोका’ म्हणून वेगळ्या काढलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना काहीच होत नाही, म्हणजे हे निव्वळ ज्योतिष आहे. आकडे सगळे परदेशी आहेत. गाठ काढल्यावर जखम मिटवायला आतून लावतात त्या क्लिपा, म्हणजे छोटे चिमटे, हा बिल वाढवायचा धंदा. लेख लांबलचक आणि लोकांना घाबरवणारा. आणि शेवटी, ‘नर्सबाईंनी आकडेमोडीच्या भानगडीत न पडता पेशंटची सेवा करावी.’

लेख लांबला, हे मान्य. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा भाग वेगळा काढता आला असता.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. आपण शिकलेले आहात, लिहिण्यावरून ते कळतं, म्हणूनच ते जास्त लागलं. सलाईनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे इथपासून आमची आकडेमोड सुरू होते. ती चुकली तर पेशंटच्या जिवावर बेततं. एंडोस्कोपीत डॉक्टरांच्या हातात स्कोप असतो, पण क्लिप उघडायची, मिटायची आणि सोडायची मूठ सिस्टरच्या हातात असते. ‘उघडा… थोडं फिरवा… मिटा… सोडा.’ गाठीखाली निळं सलाईन टोचून ती उचललेली असते, ती कापली की खाली निळसर जखम उरते आणि तिच्यात रक्तवाहिन्या दिसतात. हे सगळं मी पडद्यावर डॉक्टरांच्या इतक्याच जवळून बघते. दुसऱ्या दिवसापासून त्या पेशंटला फोन करून ‘शीचा रंग कसा आहे?’ असं विचारायचं कामही माझंच. लोक लाजतात. ‘जरा लालसर आहे, काल बीट खाल्लं होतं ना’ म्हणतात. तेव्हा कोणाचं बीट ऐकून गप्प बसायचं आणि कोणाला तडक बोलवायचं, हे मला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. त्या वेळी मला आकडे लागतात.

आता ज्योतिष.

दहातल्या नऊ जणांना काही होत नाही, हे खरंच आहे, आणि माझ्या लेखातही तेच लिहिलंय. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो चुकीचा आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की नदीपात्रातल्या गाड्या काढायला सांगतात. दर वेळी पाणी गाडीपर्यंत येतंच असं नाही, म्हणून कोणी पाटबंधारे खात्याला ज्योतिषी म्हणत नाही. रक्तस्राव नेमका कोणाला होईल हे गुण सांगत नाहीत, तसा दावा मी केलेलाच नाही. कोणाच्या बाबतीत आधीच काहीतरी करून ठेवायचं, एवढं ते सांगतात. आणि केल्याने फरक पडतो, हे तपासून झालेलं आहे.

2019 साली ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला अभ्यास घ्या. गाठी दोन सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या. पेशंटचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटात जखम क्लिपांनी मिटवली, दुसऱ्यात तशीच ठेवली. आतड्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे उजवीकडच्या भागात न मिटवलेल्यांपैकी 9.6 टक्के लोकांना नंतर रक्तस्राव झाला, मिटवलेल्यांपैकी 3.3 टक्के. पुढच्या, डावीकडच्या भागात असा फायदा दिसला नाही. 2022 साली ऑस्ट्रेलियातून फक्त उजवीकडच्या मोठ्या गाठींचा अभ्यास आला, तिथेही 10.6 विरुद्ध 3.4. हिशेब तुम्हीच करा. 2019 च्या आकड्यांनी उजवीकडच्या सोळा जणांच्या जखमा मिटवल्या की एकाचा रक्तस्राव टळतो. पंधरा जणांना क्लिपेचा उपयोग झाला नाही असं तुम्ही म्हणाल. तो सोळावा कोण, हे आधी कोणालाच कळत नाही, म्हणून तर सोळाही जणांच्या मिटवायच्या. ज्योतिषाने नऊ टक्क्यांचे तीन टक्के होत नाहीत.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी 2016 साली गुणांची जी पद्धत मांडली तिच्यात वय, इतर आजार, गाठीचा आकार, जागा, ॲस्पिरिन आणि जखम मिटवली की नाही, एवढंच मोजलंय. कुठलंही मशीन लागत नाही. फाईल उघडली की सगळं समोर असतं.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, फाईलमध्येही सगळं समोर होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू, गाठ थेट सीकमपाशी, म्हणजे उजवीकडे मोठं आतडं सुरू होतं तिथे, आणि तीन सेंटीमीटरहून मोठी. तेव्हा मी सर्जिकल वॉर्डात होते, एंडोस्कोपीतलं मला फारसं ठाऊक नव्हतं. जिथे गाठ काढली तिथे कागदावर ‘त्रास झाल्यास संपर्क साधावा’ एवढं लिहून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गोळी कधी सुरू करायची, गावी जावं की न जावं, कोणी बोललं नाही. दादा भोरजवळच्या आमच्या गावी गेले. गाठीभोवती तारेचा फास आवळून विजेने कापलेल्या जागी खपली धरते, ती काही दिवसांनी सुटते आणि खालची वाहिनी उघडी पडली की रक्त येतं. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. आठवडाही झाला नव्हता. पहाटे संडासातच चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांच्या ओमनीतून कात्रजपर्यंत आणेतो शुद्ध हरपत होती. हिमोग्लोबिन साडेसहा. रक्त चढवलं, पुन्हा स्कोप केला, क्लिपा लावल्या, वाचले.

दादा पुण्यातच राहिले असते तर अर्ध्या तासात टेबलावर असते. ‘यांना धोका जास्त आहे, दोन आठवडे पुण्यातच ठेवा’ एवढं एक वाक्य कोणी बोलायला हवं होतं. ते वाक्य बोलायचं की नाही हे ठरवण्यासाठी हे गुण आहेत. त्याला ज्योतिष म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण माझ्या ब्लॉगवर ते खपवून घेणार नाही.

आकडे परदेशी आहेत. हो, आहेत. आपल्याकडचे असे मोठे अभ्यास समोर येतील तेव्हा तेही मांडीन. तोवर उजवीकडच्या आतड्याची भिंत पुण्यातही पातळच असते.

लोकांना घाबरवते म्हणता, तर त्याच लेखात लहान गाठींबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. तैवानच्या 2023 च्या अभ्यासात 4 ते 10 मिलिमीटरच्या गाठी विजेविना, नुसत्या तारेने कापल्या तर नंतरचा रक्तस्राव 0.4 टक्के होता, वीज वापरली तर 1.5 टक्के. लहान गाठवाल्यांनी निवांत असावं, हेच मी सांगितलंय.

बिलाचं म्हणाल, तर क्लिप महाग असते आणि गरज नसताना ती लावू नये, यावर आपलं भांडणच नाही. डावीकडची लहानशी गाठ होती, काढताना रक्तही आलं नव्हतं आणि तरी बिलात चार क्लिपा दिसल्या, तर ‘का लावल्या’ असं जरूर विचारा. विचारताना वरचे आकडे सोबत ठेवा.