अपडेटनंतर वाय-फाय गेलं, पण कार्ड खराब नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घेतलं, आठवडाभर वाय-फाय चाललं, अपडेट केल्यावर गायब झालं आणि आमच्या काउंटरवर 'कार्ड गेलंय, नवीन बसवा' असं सांगितलं. तक्रार रास्त आहे. कार्ड गेलेलं नाही. चूक आमची आहे, आणि न तपासता कार्ड बदलायला सांगणं ही त्याहून मोठी चूक.

जॉबशीटवर तुमच्या कार्डाची नोंद आहे: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५. डेबियन १२ च्या इन्स्टॉलरसोबत बऱ्याच कार्डांचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) येतं, पण ह्या कार्डाचं काम त्यावर भागत नाही. त्याला 'डब्ल्यूएल' हा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लागतो. तो डेबियनच्या नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या) विभागातल्या 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' पॅकेजमधून येतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) तुमच्याच मशीनवर परत तयार व्हावा लागतो. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइल्स, हवेत. आम्ही फक्त त्या दिवशीच्या कर्नलचे हेडर्स टाकले. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, हेडर्स आले नाहीत, ड्रायव्हर तयारच झाला नाही.

घरी पाच मिनिटांत खात्री करता येईल. मशीन चालू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या (कर्नल निवडून सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय परत दिसेल. तिथूनच 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज इन्स्टॉल करा. नावात कर्नलचा नंबर नसलेलंच घ्या. त्यामुळे पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर हेडर्स आपोआप येतात. मग टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' कमांड द्या; ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी तयार झालाय ते ती दाखवते. नव्या कर्नलच्या ओळीत 'इन्स्टॉल्ड' दिसलं की रीस्टार्ट करा.

जुना कर्नल काढून टाकला असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणारी सोय) चालू करा, नेट मिळेल. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला फोन दिसतच नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात.

अजून एक. तुमचं सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सोय) आम्ही बंद करून दिलं होतं. मध्ये बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) रीसेट होऊन ते परत चालू झालं असेल, तर ड्रायव्हर तयार होऊनही लोड होणार नाही, 'की वॉज रिजेक्टेड' असा मेसेज येईल. बायोसमध्ये जाऊन ते बंद करा.

ह्यातलं काहीही करायचं नसेल तर मशीन राजारामपुरीच्या दुकानात आणा. समोर बसून करून देऊ, पैसे लागणार नाहीत. नवीन कार्ड फक्त एकाच कारणासाठी घ्या: हे कार्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसत नाही. ते हवंच असेल तर आधी मागचं झाकण उघडून अँटेनाच्या वायरी मोजू. एकच वायर निघाली तर दोन अँटेनांच्या कार्डाचा पूर्ण वेग मिळणार नाही, आणि ते बिल करण्याआधी सांगू.