नेम बापावर, दगड पोरावर

विरोधी नेत्याचं भाषण खोडून काढायचं म्हणजे आधी ते ऐकावं लागतं. एवढा वेळ कोणाला आहे? त्यापेक्षा मंचावर त्याचं मूल दिसतंय का बघा. ते व्हीलचेअरवर असेल, भलत्याच वेळी हसत असेल, हात वेगळेच हलवत असेल, तर निम्मं काम झालंच. उरलेलं निम्मं सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर दुसरा चहा येईपर्यंत उरकतं.

व्हिडिओ अख्खा टाकू नका. नवशिके इथेच मार खातात. अख्ख्या व्हिडिओत बाप वाकून पोराची लाळ पुसतो, पोर खुदकन हसतं आणि बघणाऱ्याचं मन फिरतं. तुम्हाला लागतात फक्त तीन सेकंद. तोंड उघडं, मान कलती, नजर भलतीकडे. बापाला चौकटीबाहेर काढा. वेग निम्मा करा आणि मूळ आवाज बंद करा. आवाज ठेवलात आणि त्यात ते 'बाबा' म्हणालं, तर सगळी मेहनत पाण्यात.

अमेरिकेतल्या मंडळींची गडबड झाली ती याच पायरीवर. ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ भाषण करत होते. समोर त्यांचा १७ वर्षांचा मुलगा रडत उभा राहिला, 'ते माझे बाबा!' म्हणाला. त्याला शिकण्यात अडचणी येतात, हे आईवडिलांनी आधीच जाहीर केलेलं. तरी ॲन कोल्टर या स्तंभलेखिकेने त्याच्या रडण्याला 'विचित्र' म्हटलं आणि मग पोस्ट काढून टाकली. लोकांनी त्याचा आवाज ऐकलेला होता ना!

इंग्रजांकडून तर काही शिकूच नका. फेब्रुवारी २००९ मध्ये विरोधी पक्षनेते कॅमेरॉन यांचा सेरेब्रल पाल्सी असलेला सहा वर्षांचा मुलगा गेला, तर संसदेतली त्या दिवशीची पंतप्रधानांची प्रश्नोत्तरंच रद्द केली. कसलं हे राजकारण!

आता शब्द. मुका, बहिरा, आंधळा, लंगडा असं भाषणात बोलू नका, असं निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये पक्षांना सांगितलंय. बिचकू नका. 'धोरणलकवा' वर्तमानपत्रं बिनदिक्कत छापतात. आणि शिवी अवतरणचिन्हात घालण्याची कला पुण्याइतकी कुठे पिकते? 'विशेष' लिहा, पुढे एक हसरा चेहरा. पुराव्यादाखल दाखवायला गेलं तर तुम्ही सभ्यच.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९२ आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला, तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. 'मी बापाला बोललो' हा बचाव तसा उत्तम, पण चित्रात बाप लागतो, आणि तो तुम्हीच कापलाय. शिवाय दिव्यांग कल्याण आयुक्तालय इथेच, चर्च रोडवर. तक्रारदाराला शिवनेरीचं तिकीटही काढावं लागत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना मात्र जपून. आधी धडाधड हसरे चेहरे येतात. मग एका नावाखाली 'टायपिंग' दिसतं. थांबतं. पुन्हा दिसतं. थांबतं. येत काहीच नाही. हे तळमजल्यावरचं घर. रोज सकाळी साडेआठला तिथले दोघं मुलीला उचलून रिक्षात बसवतात, कारण रॅम्पवर तुमची ॲक्टिव्हा उभी असते. मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, तेवढ्यात उरका. 'हा मेसेज डिलीट केला आहे' ही ओळ तेवढी मागे राहते.

माफीची घाई नको. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो आणि आपले भाऊ तीनचाकी सायकली वाटतात. फ्लेक्ससाठी फोटो निघतो. तुम्ही सायकलीचं हँडल धरून उभे राहा, पोर मधोमध बसवा. आणि यावेळी काही कापू नका, भाऊंना पोर फोटोत अख्खं लागतं.