भरीत पार्टी आणि २४ चॅनल

सोन्याचा भाव जळगावात शेंबड्या पोरालापण सांगता येतो. तोळा किती, मजुरी किती, वर ३ टक्के जीएसटी, बेरीज करा आणि घरी जाऊन रडा. पण कानाच्या मशीनचा भाव विचारा ना भो, समोरचा माणूस भाव सोडून सगळं सांगेल.

आमचे नाना एसटीत ड्रायव्हर होते. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या बगलेत असायचं आणि ते मांडीला मांडी लावून चोपडा, शिरपूर, यावल करत आख्खी नोकरी गेली, त्यामुळे डावा कान आधी गेला असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आता हे म्हणणं आहे, आधी म्हणणं वेगळं होतं. "मले समदं आयकू येस, तुम्हीच बोबडं बोलतस." आई ओरडायची शेव आणा, हे म्हणायचे देव कुठून आणू.

तपासणीत कळलं की दोघंबी आपापल्या जागी बरोबर होते. वयाने आणि गोंगाटाने आधी बारीक पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ असले, जाड आवाज शाबूत राहतात. म्हणून ऐकू येतं पण समजत नाही. मग आपण जोरात ओरडतो, त्याने जाड आवाजच अजून मोठे होतात, आणि नाना म्हणतात ओरडतो कशाला, मी काय बहिरा आहे?

इथपर्यंत ठीक होतं. मग कान तपासणाऱ्या मॅडमनी मशीनचा कॅटलॉग उघडला. एका कानाचे १८ हजारपासून पावणेतीन लाखापर्यंत. दिसायला सगळे सारखेच, कानामागे बसणारे, शेंगदाण्याएवढे. मी विचारलं, फरक काय? तर त्या नानांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमची लाइफस्टाइल कशी आहे?"

नानांना आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खूश झाले ते. सकाळी ओट्यावर, संध्याकाळी मंदिरात हरिपाठ, असं चाललं होतं, तोवर मॅडम १८ हजारवाल्या पानावर होत्या. मग त्यांनी विचारलं, पार्टी वगैरे होते का? नाना म्हणाले, "होते ना. थंडीत तर दर रविवारी." मॅडमनी झपाझप पानं उलटली, थेट पावणेतीन लाख, २४ चॅनल, ब्लूटूथ, एआय. मी म्हटलं मॅडम थांबा, भरीत पार्टी म्हणून राहिले ते, शेतात वांगी भाजतात तिथे.

पण खरं सांगू, मॅडम चुकत नव्हत्या. दहा जण एका वेळी बोलून राहिले, कोणी वांगी कुटतंय, कोणी स्पीकर लावलाय, अशा ठिकाणीच मशीनची परीक्षा असते. घरात शांततेत स्वस्त मशीनपण चालतं. वरचे पैसे असतात ते गोंगाट दाबून समोरच्याचं बोलणं वर काढायचे. चॅनल म्हणजे आवाजाचे जाड-बारीक असे जितके तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा कमी-जास्त करता येतो तेवढे. नाना म्हणाले, आपल्याला दोन चॅनल पुरतात, सह्याद्री आणि बातम्यांचं. ब्लूटूथचं तर विषयच नको, नानांचा फोन बटणाचा आहे.

आता एन्ट्री दाजींची. दाजी पारोळ्याचे, घासाघीस करायला आम्ही त्यांना सगळीकडे नेतो. ते म्हणाले, बिल नको, टॅक्स कमी करा. मॅडम म्हणाल्या, कानाच्या मशीनवर जीएसटी शून्यच आहे. दाजींचा पहिला बॉल तिथेच गेला. मग म्हणाले दोन घेतो, एकावर एक द्या. तेवढ्यात नाना बोलले, "एकच घ्या, दुसरा कान ऱ्हाऊ द्या झोपाले." मग दोन कान असले की आवाज कोणत्या बाजूने आला ते कळतं आणि गर्दीत बोलणं सुटं ऐकू येतं, हे समजवण्यात अर्धा तास. दाजी शेवटी राज्य सरकारच्या वयोश्री योजनेवर आले, ६५ वर्षांच्या वरच्यांना एकदाच ३ हजार मिळतात, पण घरचं उत्पन्न २ लाखाच्या आत पाहिजे आणि तिथे माझा पगार आडवा आला.

मी मात्र एक हट्ट धरला, कानात घालून बाहेर फिरवून आणू द्या. केबिनमध्ये एसी चालू, दार बंद, तिथे सगळीच मशीनं गुणी वाटतात. फुले मार्केटात आलो. १८ हजारवाल्यात नाना म्हणाले सगळाच गलका वाढला, काढा हे. ४२ हजारवालं घातलं तर दोन मिनिटं गप्प उभे, मग सरळ मेथीवालीकडे गेले आणि पाच रुपये कमी करून जुडी घेऊन आले. दाजींना दिवसभरात जे जमलं नाही ते नानांनी केलं. मशीन पास.

दोन्ही कानांचे छापील ८४, घासून ६३ हजार. यात निम्मं यंत्र आणि निम्मी मॅडम, असं माझं मत आहे. कारण नंतर पुन्हा पुन्हा जावं लागतं, लॅपटॉपला जोडून त्या अमुक पट्टी वाढव तमुक कमी कर करतात, ताटं वाजली की डोकं दुखतं, स्वतःचाच आवाज घुमतो, असल्या तक्रारी मिटवतात. हे फुकट किती वर्षं, हे आधी विचारून घ्या, एमआरपीवर किती सुटले ते नंतर विचारा.

आणि सेल. ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला, एक जेमतेम आठवडा चालतो. दोन कानांचं वर्षाला साडेतीन-चार हजार. हे कॅटलॉगमध्ये कुठेच नव्हतं. त्यात नानांनी पहिल्याच दिवशी सहाच्या सहा सेलची स्टिकरं काढून डबीत ठेवली, ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून. तो सेल हवेवर चालतो, स्टिकर निघालं की झिजायला लागतो, मग कानात असो नाहीतर डबीत. आता सेलचं पाकीट आईच्या ताब्यात आहे, आठवड्याला दोन मोजून देते, आणि नाना कुरकुरतात की डेपोत डिझेलचापण एवढा हिशोब कोणी मागत नव्हतं.