फोकस नंतर बघू

मुळात दोष माझ्या स्वभावाचाय हे आधीच सांगून टाकतो. मी "बघू नंतर" पंथाचा माणूस, टॅक्स रिटर्न मुदतीच्या आदल्या दिवशी, 14 एप्रिलला रात्री भरणारा, त्यामुळे इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये आमच्याच रस्त्यावरच्या गराज सेलमध्ये "आधी फोटो काढा, फोकस कुठे ते नंतर ठरवा" असला कॅमेरा चाळीस डॉलरला दिसल्यावर मला वाटलं की हा माझ्यासाठीच जन्माला आलाय. विकणारा गोरा आजोबा जरा जास्तच आनंदाने पिशवीत घालून देत होता, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

कंपनीचं नाव घेत नाही. इथेच शेजारी माउंटन व्ह्यूला होती, 2018 मध्ये बंद पडली, आणि आपल्यात गेलेल्याबद्दल वाईट बोलत नाहीत. 2012 मध्ये हा कॅमेरा आला तेव्हा 8 जीबीवाला 399 डॉलरला होता. दिसायला कॅमेरा कमी आणि चौकोनी नळकांडं जास्त, साधारण चार सेंटिमीटर रुंद नि अकरा लांब, एका टोकाला लोहचुंबकाचं झाकण आणि दुसऱ्या टोकाला पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा स्क्रीन. बायकोने हातात घेऊन उलटासुलटा केला, झाकण दोनदा टक टक करून लावलं काढलं आणि म्हणाली, "झाकण छान आहे."

आता आईला समजवायचं होतं. आई सहा महिन्यांसाठी आलीये, त्यातले चार झालेत, आणि घरात नवी वस्तू आली की तिला किंमत आणि उपयोग ह्याच क्रमाने सांगावं लागतं. किंमत मी वीस सांगितली. उपयोग सांगताना म्हटलं, हे बघ, साधा कॅमेरा म्हणजे लग्नात एकूण किती पानं उठली एवढंच मोजणारा माणूस. हा कॅमेरा कोण कुठल्या दारातून आलं तेही लिहून ठेवतो. सेन्सरवर लाखाच्या वर बारीक बारीक भिंगं बसवलीयेत, प्रत्येक भिंगाखाली शंभरेक पिक्सेल, ते प्रकाश किती आला ते तर टिपतातच पण कुठल्या बाजूने आला तेही टिपतात, आणि मग कॉम्प्युटर हिशोब करून सांगतो की फोकस इथे असता तर फोटो कसा दिसला असता. ही कल्पना गाब्रिएल लिपमान नावाच्या फ्रेंच माणसाने 1908 मध्येच मांडलेली, त्याच वर्षी त्याला रंगीत फोटोग्राफीसाठी नोबेलही मिळालं.

"म्हणजे शंभर पिक्सेल राबणार आणि ठिपका एकच उमटणार?" आई म्हणाली. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिने.

हो, म्हटलं, सेन्सर 1 कोटी 10 लाख किरण पकडतो आणि हातात फोटो येतो 1080 बाय 1080 चा.

"अकरा लिटर दूध आटवून लिटरभर बासुंदी. मग गोड तरी आहे का?"

तर ते बघायलाच टेस्ट करायची होती. लोक टेस्टसाठी काळ्यापांढऱ्या रेघांचे चार्ट आणतात, आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे, मी तर म्हणतो त्याच्याएवढा चांगला चार्ट जगात नाही, तारखेचा आकडा हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, तिथी जवळ जाऊन दिसते आणि खालचं बारीक अक्षर चष्मा लावूनही दिसत नाही. तेव्हा टेबलाच्या कडेला अगदी भिंगाला टेकेल अशी मोहरीची वाटी, त्यामागे चहाचा कप, त्यामागे बायको आणि सगळ्यात मागे कालनिर्णय अशी रांग लावली, कारण ह्या कॅमेऱ्याची गंमत अशी की एक वस्तू नाकासमोर आणि एक लांब असेल तरच फोकस बदललेला कळतो, सगळंच लांब असेल तर नंतर कॉम्प्युटरवर फोटोत कुठेही क्लिक करा, काही फरक पडत नाही. शटर वरच्या बाजूला आणि झूमची पट्टीही वरच, तिच्यावर नुसतं बोट सरकलं तरी झूम होतो. त्यामुळे पहिल्या अकरा फोटोंत बायकोचा डावा कान आहे.

"झालं का?" ती. झालं, म्हटलं. "मग हलू?" हलू नकोस, अजून दिवा लावून काढायचाय. चहा गार झाला, तिने तोही पिऊन टाकला, पुढच्या सहा फोटोंत कप रिकामा आहे.

मग फोटो लॅपटॉपवर घ्यायचे. त्याचं खास सॉफ्टवेअर लागतं, ते नव्या लॅपटॉपवर चालेना म्हणून कपाटातून जुना काढला, त्याचा चार्जर शोधण्यात शनिवार गेला. रविवारी सगळं घर स्क्रीनभोवती. मोहरीवर क्लिक केलं आणि खरं सांगतो, जादूच झाली! मोहरी समोर आली, बायको धुक्यात गेली. बायकोवर क्लिक केलं, ती धुक्यातून बाहेर आली, मोहरीचा काळा डाग झाला. सगळ्यांनी आ वासला. साधारण दीड मिनिट.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, झूम करा ना." आणि तिथे घोळ झाला. मोहरी रात्रभर भिजत घातल्यासारखी फुगलेली, कडा मऊ. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमधल्या फोटोवर तर कोणीतरी बारीक रवा भुरभुरल्यासारखा नॉइज. कालनिर्णयवरची तारीख आली, तिथी म्हणजे मुंग्या आणि खालचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पावलं. फोटो किंचित डावीउजवीकडे हलवून बघायचीही सोय आहे, ती वापरली तर बायकोच्या चष्म्याची काडी कानापासून सुटून हवेत तरंगायला लागली. बायको सगळ्यात तीक्ष्ण कुठे दिसली म्हणाल तर दोन नंबरच्या फोटोतल्या त्या कानात.

मुलीने खिशातून फोन काढला, माझा फोटो घेतला, नंतर बोटाने मागचं धूसर कमीजास्त करून दाखवलं. "फोनवर होतं हे बाबा. बारा मेगापिक्सेलमध्ये." मी तिला सांगितलं की फोन अंतराचा अंदाज करून मागचं खोटं खोटं पुसतो, ह्याच्यात खरे किरण पकडलेत, फरक आहे. ती म्हणाली, "दिसत नाहीये फरक." ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

तरी मी हार मानली नव्हती. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास, उकडीचे मोदक झालेले, चंद्रोदय कधी ते ती कालनिर्णयवर बघायला गेली आणि मग आठवलं की ती वेळ मुंबईची, सनीव्हेलचा चंद्र वेगळ्या ड्यूटीवर असतो. मुलीने फोनवर बघितलं, नऊ चाळीस. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अरे, ह्याच्यापेक्षा चांगली टेस्ट कुठली, नाकासमोर मोदक आणि मागे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर चंद्र!

चंद्र पलीकडच्या गॅरेजच्या छपरावर यायला दहा वाजले. आईने अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, आणि मी म्हटलं, आई, फक्त एक मिनिट, मोदक असा वर धर, अजून वर, भिंगाच्या जवळ, हां. सकाळपासून दोन केळी आणि वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीवर असलेली बाई, हातात तूप सोडलेला मोदक आणि समोर चंद्र. मी स्क्रीनच्या त्या तिकिटात चंद्र शोधत होतो, तो सापडला की मोदक सुटायचा, मोदक सापडला की माझं बोट पट्टीवर सरकून झूम व्हायचा. "अरे निवला रे," आई म्हणाली. म्हटलं, हे झालंच, तू फक्त हलू नकोस, फोकसचं नंतर बघतो.

शेवटी दाबलं एकदाचं.

रात्री साडेअकराला लॅपटॉपवर उघडलं. चंद्राच्या जागी एक साबुदाणा होता, क्लिक केला तरी साबुदाणाच राहिला. मोदकावर क्लिक करायला गेलो तर मोदक नव्हता. आईची तीन बोटं होती, तुपाने चकाकणारी, आणि ती मात्र चक्क शार्प आली होती.