‘त्या डब्यासाठी नवा गेम बनतच नाही’ म्हणे!

लाल-पांढऱ्या टीव्ही गेमचा फोटो आणि खाली सहा-सात ओळी, असा एक मेसेज सध्या मुंबईतल्या शाळासोबत्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर साधारण असा: या डब्यासाठी आता नवा गेम बनवणं शक्यच नाही. मूळ कंपनीची परवानगी लागते. नवीन म्हणून जे विकलं जातं ती सगळी चोरी. लागणाऱ्या चिपा आता कुठेच बनत नाहीत. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. मराठी तर त्यात येणारच नाही. आणि मोबाईलवर इम्युलेटर, म्हणजे डब्याची नक्कल करणारा प्रोग्राम, असताना हे उद्योग कशाला? शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे पाठवण्याऐवजी उत्तर लिहितोय.

आधी डबा कोणता ते सांगतो. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम आणला. १९८५ मध्ये तोच वेगळ्या रूपात एनईएस म्हणून अमेरिकेत गेला. नव्वदीत आपल्या चाळींत आणि सोसायट्यांत जे आले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होते. आत ६५०२ घराण्यातला प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झच्या आसपास. कामाची मेमरी २ किलोबाइट. चित्रासाठी वेगळी चिप, तिला २५६ बाय २४० ठिपक्यांचा पडदा. हलणाऱ्या आकृत्या एकूण ६४, पण एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त आठ. नववी आली की ती दिसतच नाही. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे ते याचमुळे: गेम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, वेगवेगळ्या आकृत्यांचा बळी द्यायचा. हे सगळं हौशी मंडळींनी कधीच खोदून काढलंय, प्रोसेसरच्या प्रत्येक सायकलच्या, म्हणजे ठोक्याच्या, हिशोबासकट.

परवानगीची गोष्ट कुठून आली असावी ते कळतं. अमेरिकेतल्या एनईएसमध्ये कुलूप होतं. एक चिप डब्यात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचं जुळलं नाही की डबा सारखा रीसेट होत राहायचा. अटारी गेम्सने या कुलपाचा कोड अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून मिळवला आणि १९९२ मध्ये अपिली न्यायालयात तो मुद्दा त्यांच्या अंगाशी आला. पण तो वाद कुलपाच्या कोडचा होता, स्वतःचा गेम लिहिण्याचा नाही. आणि आपल्याकडच्या ६० पिनांच्या डब्यांत हे कुलूप मुळातच नाही. पेटंट २० वर्षांत संपतं, म्हणजे १९८३ च्या यंत्राचं काय ते सांगायला नको. शिवाय आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायला, ती सहज मिळत नसेल तर, तिथे मुभा दिलेली आहे.

चोरीचा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट म्हणजे चोरीच, वर फसवणूकही, कारण तेच मोजके गेम थोडे बदलून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असतात. जुने गेम ‘आता कोणाचेच नाहीत’ हेही खोटं. आपल्या कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पण ज्याने स्वतः कोड लिहिला, चित्रं काढली, सूर बसवले, त्याचा गेम त्याचाच. नोंदणी करा वा करू नका. कॉपी करणारा आणि रचणारा यांना एकाच दोरीने बांधणं हीच या मेसेजची मुख्य लबाडी आहे.

आता चिपा. मूळ प्रोसेसर रिकोह कंपनीचा होता, त्यात आवाजाचा भागही होता, आणि तो आता बनत नाही, हे खरं. पण नव्या गेमसाठी नवा डबा कुठे लागतो? डबे माळ्यावर पडलेत, चोरबाजारात मिळतात. बनवायची असते ती कॅसेट. सर्वांत साध्या कॅसेटमध्ये दोनच चिपा: ३२ किलोबाइट प्रोग्रामची आणि ८ किलोबाइट चित्रांची. यासाठी ३९एसएफ०४० ही फ्लॅश चिप (पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी) उत्तम चालते. ती ५ व्होल्टची आहे, ५१२ किलोबाइट मावतात आणि ती बाजारात नवीन मिळते. गेम मोठा असेल तर ७४ मालिकेतल्या दोन चिपा वाढवायच्या, एक १६१ आणि एक ३२. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी ग्रँट रोडला उतरून कोणी त्या नावाने विचारत नाही) या मालिकेच्या चिपा मिळणं ही काही बातमी नव्हे. फ्लॅशवर गेम भरायला यूएसबीवर चालणारं प्रोग्रामर नावाचं छोटं यंत्र लागतं, बस्स.

खरी अडचण चिपांची नसून व्होल्टेजची आणि जाडीची आहे, आणि मेसेजवाल्याला तिचा पत्ताही नाही. आजच्या बहुतेक मेमरी चिपा ३.३ व्होल्टच्या असतात आणि डबा ५ व्होल्ट देतो. स्वस्त कॅसेटवाले ती चिप तशीच जोडतात. चालते, काही काळ. चिप तापते आणि डब्यातल्या जुन्या चिपांनाही तिच्याशी झुंजावं लागतं. म्हणून एकतर ५ व्होल्टचीच चिप घ्या, नाहीतर मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे दोन व्होल्टेज जुळवणारी चिप, बसवा. ३९एसएफ०४० वापरताना तिची लिहिण्याची पिन थेट ५ व्होल्टला बांधून टाका, म्हणजे चालू गेममध्ये तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. कॅसेटचा सर्किट बोर्ड मागवताना जाडी १.२ मिलिमीटर सांगा. न सांगितल्यास १.६ चा येतो, आणि तो खाचेत कोंबला की कनेक्टरच्या पट्ट्या कायमच्या फाकतात. कडेच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा घ्या. थोडा महाग पडतो, पण मुंबईच्या पावसाळी हवेत कथलाच्या पट्ट्या लवकर काळवंडतात. आणि कॅसेटवर फुंकर मारणं बंद करा. तोंडातली वाफ पट्ट्यांना गंजवते. चालू व्हायची ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

‘एकट्याचं काम नव्हे’ याला लांब उत्तर नको. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटमध्ये बसला होता. २०१९ मध्ये आलेला मायक्रो मेजेस हा नवा गेम एका छोट्या गटाने बरोबर तेवढ्याच जागेत बसवला, चार जणांना एकत्र खेळता येईल असा. हत्यारं फुकट आहेत: लिहिलेला कोड डब्याच्या भाषेत उतरवणारा सीसी६५ नावाचा सी कंपायलर आणि त्याच्याबरोबर येणारा असेम्बलर, संगीतासाठी फॅमिट्रॅकर. वेळ मात्र लागतो, तो कोणाला चुकलेला नाही.

आता मराठी. हा मुद्दा वाचून मी हसलो, कारण या डब्याला इंग्रजीही येत नाही. त्यात फॉन्ट नावाची गोष्टच नाही. ए हे अक्षरसुद्धा गेम लिहिणाऱ्याने काढलेलं ८ बाय ८ ठिपक्यांचं चित्र असतं, त्या चौकोनाला टाइल म्हणतात. मग क काढायला कोणी अडवलंय? फरक एवढाच की देवनागरीला उंची लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार. मध्ये जोडाक्षर. ८ ठिपक्यांत हे मावत नाही. १६ ठिपक्यांत ‘घर’ आणि ‘चल’ सुबक बसतात, पण ‘महाराष्ट्र’ लिहायला गेलात की ष्ट्रचा नुसता गुंता दिसतो. म्हणून तीन टाइल उंच, म्हणजे २४ ठिपके धरा.

हिशोब करून पाहू. २४ टाइल रुंद ओळ, तीन टाइल उंच, म्हणजे ७२. संवादाच्या चौकटीत दोन ओळी, म्हणजे १४४. पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ टाइल मिळतात. सगळ्या टाइल वेगळ्या निघाल्या तरी ११२ उरतात, आणि सगळ्या वेगळ्या निघत नाहीत. कोऱ्या जागा, नुसती शिरोरेषा, उभा काना हे तुकडे ठिकठिकाणी तेच असतात. शिरोरेषेचा तर फायदाच होतो. टाइलला टाइल खेटून बसते, त्यामुळे रेघ कुठे तुटत नाही.

जोडाक्षरं जुळवायचं काम डब्याकडून करून घ्यायचं नाही. ते आधी कॉम्प्युटरवर करायचं: वाक्य नेहमीच्या फॉन्टमध्ये उमटवा, हाताने ठिपके साफ करा, चौकोन कापा, सारखे चौकोन गाळा आणि उरलेले कॅसेटमध्ये भरा. चित्रांसाठी रॉमऐवजी (फक्त वाचायच्या मेमरीऐवजी) रॅम, म्हणजे चालू गेममध्ये लिहिता येणारी मेमरी, असलेला बोर्ड घेतला तर प्रत्येक संवादाच्या टाइल त्या त्या वेळी चढवता येतात. एक टाइल १६ बाइटची. एका फ्रेममध्ये निवांतपणे सातआठ टाइल चढतात, म्हणजे वाक्य हळूहळू उमटत जातं, आणि वाचणाऱ्याला वाटतं ते मुद्दाम केलंय. ळ काढताना तेवढी तब्येतीने मेहनत घ्या. कमी ठिपक्यांत त्याचा हमखास आठ होतो.

राहिला इम्युलेटर. तो हवाच. मेसेन किंवा एफसीईयूएक्स अशा इम्युलेटरशिवाय कोड तपासणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. पण फक्त त्याच्या भरवशावर राहिलात तर आपल्याकडच्या डब्यावर गेम आपटणार, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकन डबा सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. युरोपातला, ‘पाल’ या तिथल्या आणि आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा, ५० दाखवतो, प्रोसेसरही थोडा हळू, १.६६ मेगाहर्ट्झ. दोन फ्रेमच्या मधल्या वेळातच चित्राच्या मेमरीत लिहिता येतं. अमेरिकन डब्यावर हा वेळ २० रेषांचा, सुमारे २,२७३ सायकल. युरोपियनवर तब्बल ७० रेषांचा, सुमारे ७,४५९ सायकल. पाल टीव्हीसाठी बनलेले नकली डबे या दोघांच्या मधले. फ्रेम ५०, पण लिहायला रेषा २० च. जादाच्या ५० रेषा आधीच रिकाम्या घालवलेल्या असतात, आणि प्रोसेसरचा वेग जवळपास अमेरिकन, १.७७ मेगाहर्ट्झ. अमेरिकन-जपानी गेम पाल टीव्हीवर न फुटता चालावेत म्हणून केलेली ही युक्ती. गेम सहाव्या हिश्शाने मंद होतो आणि गाणंही रेंगाळतं, पण चित्र शाबूत राहतं.

म्हणून युरोपियन मापाने लिहिलेला गेम, म्हणजे फ्रेममध्ये भरपूर वेळ आहे असं धरून चाललेला, आपल्या डब्यावर पडद्यावरचं चित्र विस्कटून टाकतो. गेम सुरू होताना दोन फ्रेममधली सायकल मोजा, कोणता डबा आहे ते ओळखा आणि संगीताचा वेग त्यानुसार ठेवा. बऱ्याच नकली चिपांत आवाजाच्या चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे तुमची सुरेल धून तिथे नाकात गायल्यासारखी येईल. ते ऐकून मगच सूर नक्की करा. आणि चालू करताना मेमरी शून्य असेल असं कधीही धरू नका. काही इम्युलेटर ती शून्य करून देतात, डबा देत नाही.

इम्युलेटरमध्ये हा मधला प्रकार ‘डेंडी’ नावाने सापडेल. १९९२ मध्ये रशियात निघालेल्या अशाच एका नकली डब्यावरून ते नाव पडलं. यादीत भारत कुठेच दिसत नाही, तेव्हा नव्वदीतल्या पाल डब्यासाठी गेम तपासताना आधी तोच पर्याय निवडा, आणि नंतर खरा डबा लावा.