‘ते केळं’ म्हटल्याने मुलाचा मेंदू थकत नाही

परवा सुदामा नगरला भाचीकडे गेले होते. तिचा मुलगा पावणेतीन वर्षांचा. मी नेहमीसारखं म्हटलं, "ये रे सोन्या, हात धुऊन घे." भाचीने मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, तो पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्याशी हिंदीतच बोल ना. मराठीने गोंधळतो गं तो." मग मोबाईल पुढे केला. आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरणारा तोच मेसेज!

त्यात म्हटलंय ते असं: मराठीत तीन लिंगं, म्हणून प्रत्येक नामाला मेंदूला जास्तीचं काम पडतं. पुल्लिंगी शब्द डाव्या मेंदूत आणि स्त्रीलिंगी उजव्या मेंदूत समजतात, नपुंसकलिंगाला जागाच नसते, म्हणून मूल अडखळतं. एकाच शब्दाचं हिंदीत एक लिंग आणि मराठीत दुसरं ऐकून बोलणं लांबतं. शिवाय लिंगामुळे मुलांना वस्तूही बाई-पुरुष वाटायला लागतात. खाली "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय". कोणी, कुठे, कधी, याचा पत्ता नाही.

डाव्या-उजव्याची गोष्ट धादांत खोटी आहे. बहुतेक माणसांत भाषेचं बरंचसं काम डाव्या गोलार्धात चालतं, मग शब्द ‘तो’ असो, ‘ती’ असो की ‘ते’. डच भाषेतही नपुंसकलिंग आहे. १९९९ मध्ये हागोर्ट आणि ब्राऊन या संशोधकांनी डच वाचकांना चुकीच्या लिंगाची वाक्यं वाचायला देऊन मेंदूच्या विद्युत लहरी मोजल्या. चूक समोर आल्यावर साधारण ६०० मिलिसेकंदांच्या सुमारास एक लहर उठली. वाक्यरचना बिघडली की उठते, तीच ही लहर. म्हणजे मेंदू लिंगाकडे व्याकरणाचा भाग म्हणून बघतो. "पोहे चांगली झाली" असं कोणी म्हटलं की आपल्याला चटकन खटकतं ना, ते हेच. यात नपुंसकलिंगाला जागा नाही हे कुठून काढलं?

आता ‘जास्तीचं काम’. मला सगळ्यात चीड आली ती याची, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला केसी ल्यू-विल्यम्स आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांनी स्पॅनिश शिकणाऱ्या, ३४ ते ४२ महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. तो २००७ मध्ये छापून आला. मुलासमोर दोन चित्रं, आणि कानावर "चेंडू शोध" असं वाक्य. स्पॅनिशमध्ये चेंडू स्त्रीलिंगी, ‘ला पेलोता’. बूट पुल्लिंगी, ‘एल सापातो’. दोन्ही चित्रं वेगवेगळ्या लिंगांची असली की मुलांची नजर बरोबर चित्राकडे लवकर वळायची. एकाच लिंगाची असली की उशीर व्हायचा. नामाआधीच्या इवल्याशा ‘ला’वरून तीन वर्षांचं पोर पुढचा शब्द हेरत होतं. लिंगाने त्याचं काम हलकं केलं होतं.

हे आपल्या घरातही दिसतं. त्याच दिवशी भाचीच्या टेबलावर ताटलीत आंबा आणि केळं होतं. मी म्हटलं, "मला ते पिकलेलं..." आणि मुद्दाम थांबले. पोराचा हात केळ्याकडे गेला. थोड्या वेळाने म्हटलं, "आणि तो पिकलेला..." तर त्याने आंबा उचलला. एका घरातल्या दोन फळांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण हिंदीत ‘केला’ आणि ‘आम’ दोन्ही पुल्लिंगी आहेत, "वो पका हुआ..." म्हणून थांबले असते, तर त्याला काही कळायला मार्ग नव्हता. मराठीने त्याला आधीच खूण दिली, आणि हीच खूण काढून टाका म्हणून मेसेज सांगतोय.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. हिंदीची सरमिसळ होते. इंदुरात पोरं "आवाज आली", "पुस्तक फाटली" म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात. ‘आंबा’, ‘केळं’ यांच्या शेवटावरूनच लिंग कळतं, तिथे मुलं फारशी चुकत नाहीत. ‘आवाज’, ‘पुस्तक’ यांच्या शेवटावरून काहीच कळत नाही आणि हिंदीत लिंग वेगळं, म्हणून चूक होते. पण ती सुधारते मराठी जास्त कानावर पडल्याने. बंद केल्याने कशी सुधारेल? त्या ल्यू-विल्यम्स आणि फर्नाल्ड यांनीच २०१० मध्ये मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्या इंग्रजी भाषकांनाही तपासलं. त्यांना ‘एल-ला’चा तसा झटपट उपयोग करता आला नाही. उशिरा सुरुवात केली की हे कठीण जातं. आणि तुम्ही म्हणताय, पाच वर्षं थांबा!

वस्तू बाई-पुरुष वाटण्याबद्दल फार लिहीत नाही. जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी आणि पूल स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं, म्हणून त्या वस्तू त्या-त्या भाषकांना पुरुषी किंवा बायकी वाटतात, हे एका प्रयोगातलं उदाहरण २००३ पासून फिरतंय. २०१४ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल जुळला नाही. आपल्याकडे संस्कृतात पत्नीला भार्या, दार आणि कलत्र म्हणतात: एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी. म्हणून कोणाला पत्नी पुरुष वाटली नाही.

हे लिहायला बसले ते भाचीच्या शेजारणीमुळे. तिची मुलगी अडीच वर्षांची आहे, अजून दोन शब्द जोडत नाही, आणि हा मेसेज तिला उपाय म्हणून मिळालाय. तिने आजीला मराठी बोलायची बंदी केली आणि वाट बघत बसली आहे. दोन भाषा ऐकल्याने बोलणं लांबत नाही, हे वाचा-भाषा तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मूल बोलत नसेल तर आधी त्याच्या कानांची तपासणी करा, वाचा-उपचार तज्ज्ञांकडे न्या. आणि आजीला तिच्याशी बोलू द्या.