काळा हायनेक घ्या, पगाराचं नंतर बघू

कंपनी काढायचं ठरलंच असेल तर भांडवल, माल, गिऱ्हाईक असल्या मोंढ्यातल्या जुनाट गोष्टींच्या मागं लागू नका. आधी टीव्ही घ्या. मोठा घ्या, हप्त्यानं घ्या. हप्ते वडील भरतील. मग २०२२ चा माल उघडा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडं हरभरा काढून होईस्तोवर, अमेरिकेत तीन मालिका पाठोपाठ आल्या. उबरच्या ट्रॅव्हिस कॅलानिकवर 'सुपर पम्प्ड', रक्ततपासणीच्या थेरानॉस कंपनीच्या एलिझाबेथ होम्सवर 'द ड्रॉपआउट' आणि ऑफिसं भाड्यानं देणाऱ्या वीवर्कच्या ॲडम न्यूमनवर 'वीक्रॅश्ड'. तिन्हींत माणूस आधी वर जातो आणि मग खाली येतो. तुम्हाला वर जाण्याचेच भाग लागणार आहेत. खाली यायला लागला की उठून चहा ठेवा.

कपड्यांपासून सुरुवात करा, कारण तेवढंच आज संध्याकाळपर्यंत जमण्यासारखं आहे. होम्स स्टीव्ह जॉब्जसारखा काळा गळाबंद हायनेक घालायची. तुम्हीही घाला. मे महिन्यात, भरदुपारी, डोक्यावर पत्रा असला तरी घाला. घामोळ्या आल्या तर एसी बसवा आणि बिल कंपनीच्या नावावर फाडा.

मग आवाज. मालिकेत होम्सचं काम करणारी अमांडा सायफ्रेड आरशासमोर उभी राहून आवाज खाली, आणखी खाली नेते. त्या भूमिकेला तिला एमी, म्हणजे टीव्हीतलं मोठं बक्षीस मिळालं. तुम्हाला मिळणार नाही, पण बँकेतला साहेब एकदा तरी फायलीतून मान वर काढील.

शिक्षण सोडा. होम्सनं २००३ मध्ये, १९ व्या वर्षी कंपनी काढली आणि स्टॅनफर्ड सोडलं. इंजिनिअरिंगचे चार विषय राहिलेत हे तुम्ही आजवर सोयरिकीत लपवत होतात, ते आता पहिल्याच स्लाइडवर टाका.

अनवाणी चाला. न्यूमन न्यूयॉर्कमध्ये चालायचा. सिडकोत चालणार असाल तर खाली बघून.

धंदा कोणता, हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचं फार मनावर घेऊ नका. वीवर्क मोठमोठ्या इमारती लांब मुदतीच्या भाडेकरारानं घ्यायची आणि आत टेबल-खुर्च्या मांडून पोटभाडेकरू ठेवायची. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मावश्या हाच धंदा कैक वर्षं करतात, वर दोन टायमाचा डबाही देतात. त्यांनी फक्त 'जगाची जाणीव उंचावणे' असलं काही दारावर लिहिलं नाही, म्हणून त्यांना सॉफ्टबँक, म्हणजे पैसा लावणारी जपानी कंपनी, भेटली नाही. न्यूमनला भेटली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर लावली गेली. सप्टेंबरात शेअर विकायला काढायच्या आधी लोकांनी हिशेबाची वही उघडून बघितली आणि सगळा बेत गुंडाळावा लागला. वही उघडू द्यायची नसते, एवढं यातून घ्या.

आता यंत्राचं. यंत्र चाललंच पाहिजे असं काही नाही. थेरानॉसचा दावा होता की बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात शेकडो तपासण्या होतात. त्यांच्या 'एडिसन' यंत्राला त्यातल्या मोजक्याच जमायच्या. बाकीच्या सीमेन्ससारख्यांकडून विकत आणलेल्या यंत्रांवर व्हायच्या, आणि थेंब पुरत नाही म्हणून रक्त पातळ करून घालायचे. किंमत ९ अब्ज डॉलर. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जॉन कॅरेरू यांनी हे छापेपर्यंत वॉलग्रीन्सच्या औषधांच्या दुकानांत माणसं बोटं पुढं करून बसतच होती.

आपल्याकडं याहून स्वस्तात भागतं. सीमेन्सचं यंत्र महाग, मृदाशास्त्रात एमएस्सी झालेली मुलगी स्वस्त. माझी भाची परभणीच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडली आणि छत्रपती संभाजीनगरातल्या अशाच एका कंपनीत लागली. त्यांचं ॲप असं: शेतकऱ्यानं पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो पाठवायचा, स्क्रीनवर हिरवं चक्र फिरतं, खाली अक्षरं येतात 'एआय तपासत आहे', आणि मिनिटभरात रोग काय, फवारायचं काय, सगळं हजर. हे एआय मी गेल्या खरिपात डोळ्यांनी बघितलं. पोळ्याला सुट्टी काढून ते अक्काच्या घरी आलं होतं आणि पुरणाचे हात धुऊन मोबाइल घेऊन ओसरीवर बसलं होतं. फोटोत अर्धं सोयाबीनचं पान आणि अर्धा शेतकऱ्याचा अंगठा. भाची दोन बोटांनी पान मोठं करून बघायची. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर लोह कमी, जमीन चुनखडीची असणार. हिरव्यात पिवळे चट्टे, तर मोझॅक रोग, तो पसरवणारी पांढरी माशी बघा. पण पिवळं कोवळ्या शेंड्याकडं पडलंय का खालच्या जुन्या पानांवर, हे अंगठ्याच्या फोटोत दिसत नाही. जुन्या पानांवर असलं तर ते नत्राचं दुखणं असू शकतं, औषधच बदलतं. म्हणून ती म्हणाली, फोन करून विचारते. तर फोनला मनाई. कामून? तर एआय फोन करत नाही! मिनिट उलटलं की हिच्या नावापुढं लाल खूण. मग काय, अंदाजानं ठोकायचं. तिकडं बिचारा शेतकरी मशिनीनं सांगितलं म्हणून दुकानात जाऊन पिशवीभर औषध उधारीवर आणणार, आणि चुकलं तर म्हणणार आपलंच नशीब. पगार मात्र तेव्हा येत होता, खोटं कशाला बोलू. संक्रांतीपासून तोही बंद. मालक म्हणाला, फंडिंगचा राउंड चालू आहे. भाची राउंड संपायची वाट बघत बसली, मे आला.

अक्कानं मला पाठवलं. ती स्वतः गेली असती तर बातमी झाली असती. मी तपोवन एक्सप्रेसनं गेलो, पत्ता शोधत सिडकोतल्या त्या फ्लॅटवर पोचलो, तर दाराला काळा पडदा. आत अंधार, भिंतीवर प्रोजेक्टर, गाद्यांवर दहा-बारा पोरं-पोरी. रविवार होता. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना 'कल्चर'साठी बोलावलं होतं आणि कल्चर म्हणजे काय, तर होम्सबाईंची मालिका. मालक हायनेकमध्ये. गुत्तेदाराचा मुलगा, फ्लॅटचं भाडं गुत्तेदार भरतो. मला म्हणाला, "या काका, बसा, योग्य वेळी आलात." समोसा हातात दिला. मी म्हटलं, बाबा, मी पगाराचं बोलायला आलोय. तो म्हणाला, "काका, आम्ही इथं पगाराच्या भाषेत विचार करत नाही. तिला ओनरशिप आहे." कशाची ओनरशिप? प्रोजेक्टर दुकानातून भाड्यानं आणलेला. भाची कोपऱ्यातून मला डोळ्यांनी खुणावत होती, मामा, काही बोलू नका. म्हणून बसलो. आणि खरं सांगतो, मालिका चांगली आहे. बघता बघता गोष्ट प्रयोगशाळेत आली, तिथली तरुण पोरं एकमेकांकडं बघायला लागली की हे आकडे जुळत कामून नाहीत, आणि या बहाद्दरानं रिमोट दाबून बंद केलं! म्हणाला, "पुढचा भाग निगेटिव्ह आहे. आपण इथून एनर्जी घेऊन जाऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पगार न मिळालेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या हो!

असो. सल्ला चालू ठेवतो.

इतक्या लांब अमेरिकेत जायचं नसेल तर आपली ऑनलाइन शिकवणीची बायजूज आहे. काही काळ टीम इंडियाच्या जर्सीवर नाव, २०२२ मध्ये किंमत २२ अब्ज डॉलर, २०२४ च्या सुरुवातीला रखडलेले पगार आणि जुलैत दिवाळखोरीची प्रक्रिया.

पडायचं कसं, हेही शिकून घ्या. पडण्याला घाबरतात ती तुमच्या-माझ्या घरची पोरं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे तुमच्यासाठी नाही. न्यूमननं २०१९ मध्ये खुर्ची सोडली तेव्हा त्याच्यासाठी सुमारे १.७ अब्ज डॉलरपर्यंतचं पॅकेज ठरलं. पुढं कोर्टबाजीत आकडा बदलला, पण गडी उपाशी राहिला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात वीवर्कनं २,४०० लोकांना घरी पाठवलं. त्याच्यावरची मालिका एप्रिल २०२२ मध्ये संपली, प्रेक्षकांनी 'कसा जिरला!' म्हणून टीव्ही बंद केला, आणि ऑगस्टात अँड्रीसन होरोविट्झ या गुंतवणूक कंपनीनं त्याच न्यूमनच्या नव्या कंपनीत सुमारे ३५ कोटी डॉलर घातले. कॅलानिकला जून २०१७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. २०१९ संपेपर्यंत त्यानं आपले शेअर विकून अडीच अब्ज डॉलरच्या वर गोळा केले. त्या २०१७ च्याच फेब्रुवारीत एक व्हिडिओ फुटला होता. त्यात गाडीत मागं बसलेला हा, आणि पुढं उबरचाच ड्रायव्हर विचारतोय की तुम्ही भाडी उतरवलीत, आम्ही बुडालो. यानं त्याला सुनावलं की काही लोकांना स्वतःची जबाबदारी घ्यायची नसते. नंतर माफी मागितली. ड्रायव्हरवर मालिका निघत नाही.

आणि होम्स? ती तर तुरुंगात गेली, असं तुम्ही म्हणाल. गेली. २०२२ मध्ये ११ वर्षं ३ महिने सुनावले, मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या तुरुंगात हजर झाली. पण गुन्हा कशाचा सिद्ध झाला, ते बघितलंत का? गुंतवणूकदारांना फसवल्याचा. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं. म्हणजे ज्यांनी कोटींनी पैसे लावले त्यांचं फसवणं कोर्टात टिकलं. ज्यांनी दुकानात बसून बोट पुढं केलं आणि चुकीचा आकडा घेऊन घरी गेले, त्यांचं टिकलं नाही. उद्या आमच्या या मालकाचं काही झालं तरी असंच होणार. त्याला पैसे देणारे बघून घेतील. चुकीचं औषध फवारलेला सेलूचा शेतकरी कुठल्याच कागदावर नाही, आणि भाचीला तर नेमणुकीचं पत्रसुद्धा दिलेलं नाही, 'आपण फॅमिली आहोत' म्हणून.

मला उपरोध आता जमत नाही. सरळ बोलतो.

अरे बाबा, तू कुणीच नाहीस. कॅलानिक नाहीस, न्यूमन नाहीस, त्यांच्यासारखा नालायक व्हायचीसुद्धा तुझी ऐपत नाही, कारण तुझ्यामागं फक्त तुझा बाप आहे आणि त्याची रस्त्याची बिलं अडकलेली आहेत. तू एका मुलीकडून रात्री अकरापर्यंत पानं तपासून घेतलीस आणि तिच्या डोळ्यांना मशीन म्हणून विकलंस. तिच्या हॉस्टेलचं भाडं अक्कानं दुधाच्या पैशातून भरलं. तू तिला रविवारी बोलावून सिनेमा दाखवतोस? आणि अर्धाच दाखवतोस? ज्या भागात नोकरांना कळतं की आपला मालक लबाड आहे, नेमका तोच बंद करतोस, म्हणजे तुला सगळं समजतंय. न समजणाऱ्याला मी माफ केलं असतं.

आणि गाद्यांवर बसून टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. तुमच्या आई-बापांनी दुष्काळात, टँकरच्या रांगेत उभं राहून तुमच्या फिया भरल्या. त्या याच्यासाठी भरल्या नाहीत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या पगाराच्या कायद्यात लिहिलेलं होतं, हजाराच्या आत माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेनंही सातच दिवस ठेवलेत. राउंड चालू असला तर थांबावं, असं त्यात कुठं नाही. मागा. सगळ्यांनी मिळून, लेखी मागा, आणि नाही दिला तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा. तिथला पंखा बंद असेल, साहेब दौऱ्यावर असतील, तरी जा आणि अर्जावर पोच घ्या.

आणि तू, मालका, प्रोजेक्टर दुकानात परत कर. एसी विक. बापाकडून घे, व्याजानं घे, काय करायचं ते कर, पण संक्रांतीपासूनचा सगळा हिशेब सात तारखेच्या आत भाचीच्या खात्यावर टाक. नाही पडला तर मी आठला पुन्हा तुझ्या दारात आहे, आणि या वेळी सोबत अक्का आहे.